भाषाशिक्षणाचे तीन आधार
(महोत्सवाच्या सभेंत करमाड येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेल्या वर्षांचा हिशेब मांडावा, मंदिर कसें उभें राहिलें, कोणी किती झीज सोसली हें सांगावें, अशी रीति आहे. तें काम ज्यांनीं तीं वर्षें डोळ्यांनीं पाहिलीं त्या वडील मंडळींचें आहे. त्यांच्या अधिकारांत आम्ही हात घालीत नाहीं. आम्हीं आज निराळा विषय घेतला आहे, तो भाषेचा. श्रद्धा श्रवणानें उपजते ही आपल्या धर्माची जुनी शिकवण आहे, आणि श्रवण तर भाषेवांचून होत नाहीं. भिंती पडल्या तर पुन्हां बांधतां येतात. परंतु आजीची भाषा नातवास कळेनाशी झाली, तर तो दुवा कोणत्या गवंड्याकडून सांधून घ्यावा?

करमाड हें आतां आडबाजूचें गांव राहिलें नाहीं. निजामाच्या काळीं घातलेला लोहमार्ग येथून जातो, जालन्याचा हमरस्ता आहे, आणि शेजारीं शेंद्र्याची औद्योगिक वसाहत वाढत आहे. कारखान्यांतील कामासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबें येतात व त्यांचीं मुलें येथल्या शाळांत बसतात. दुसऱ्या बाजूस आपल्याच घरचीं पुष्कळ मुलें इंग्रजी शाळांत जाऊं लागलीं आहेत. ह्यामुळें रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत एकाच बांकावर दोन तऱ्हेचीं मुलें बसलेलीं आम्ही पाहतों. एक मूल मराठी बोलतें, ऐकलेलें सगळें समजतें, पण प्रार्थनापुस्तक हातीं दिलें कीं अक्षरापाशीं अडखळतें. शेजारचें मूल हिंदी शिकलेलें असल्यामुळें बाळबोध अक्षरें खडाखडा वाचतें, पण वाचलेल्याचा अर्थ त्यास लागत नाहीं. पहिल्यापाशीं कान आहे, दुसऱ्यापाशीं डोळा आहे. भाषा मात्र दोघांपाशींही अर्धीच.

ह्यांत एवढें बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. आजी अंथरुणास खिळलेली असते. जन्मभर ज्या शब्दांत प्रार्थना केली ते शब्द कोणी तरी उशाशीं बसून वाचावे एवढीच तिची इच्छा असते. आणि परीक्षेंत उत्तम गुण मिळविणारा नातू पुस्तक उघडून मुकाट्यानें मिटतो. किंवा परप्रांतांतून आलेली आई आजारी लेंकरास घेऊन दवाखान्यांत जाते, आणि पोटांत मुरडा आहे कीं छातींत कळ आहे हें तिला सांगतां येत नाहीं. भाषेचा धागा तुटला म्हणजे घरांतील आणि गांवांतील जें सर्वांत दुबळें माणूस असतें, तें आधीं एकटें पडतें. म्हणून हा प्रश्न केवळ शाळामास्तरांचा नाहीं, आपणां सर्वांचा आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भाषा हुकुमानें येत नाहीं आणि नुसत्या पुस्तकानेंही येत नाहीं. तिला तीन आधार लागतात. ज्यांची भाषा शिकावयाची त्यांच्या संस्कृतींत पाय रोवून बसावें लागतें, हा पहिला. अक्षर, छापखाना, यंत्र असें योग्य साधन लागतें, हा दुसरा. आणि सहकाऱ्यांचा हात लागतो, हा तिसरा. ह्यांतील एकही उणा पडला तर काय होतें, हें आपल्याच महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

फादर थॉमस स्टीफन्स हें नांव आपणांस अपरिचित नाहीं. इंग्लंडांतील विल्टशायर प्रांतीं सुमारें १५४९ सालीं जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले, आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, त्याच भागांत राहिले. साष्टी प्रांतांतील खेड्यापाड्यांत काम करीत असतां, लोक काय ऐकतात, कशांत रमतात, हें त्यांनीं पाहिलें. लोक पुराण ऐकत, आणि पुराण ओवींत असे. तो काळही लक्षांत घ्या. आपल्या ह्याच जिल्ह्यांतील पैठणास एकनाथ महाराजांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि पुरी केली, तेव्हां स्टीफन्स गोव्यास येऊन पांच वर्षें झालीं होतीं. मराठी ओवी त्या काळीं घरोघर नांदत होती. परदेशच्या ह्या विद्यार्थ्यानें तिलाच आपली गुरु केली, आणि १६१६ सालीं त्यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण राचोल येथें छापून निघालें. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ हा शब्द योजिला, तो श्रोत्यांच्या मनांत आधींच घर करून बसलेला होता म्हणून. जो भाषा शिकतो त्यानें शब्द पाठ करून भागत नाहीं. त्या शब्दाभोवतीं लोकांनीं कोणतें जग उभें केलें आहे तें पाहावें लागतें, हा पहिला धडा आम्ही ह्यांतून घेतों.

ह्याच धड्याचा एक लहानसा अनुभव आम्हांसही आला आहे. सेमिनरींत आमचें तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान इंग्रजींत झालें. पुढें शेतकऱ्यांसमोर पेरणाऱ्याचा दाखला सांगण्याची वेळ आली, तेव्हां एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, ‘फादर, बीं वाटेवर पडेलच कसें?’ प्रश्न रास्त होता. आपल्याकडे तिफण चालते, चाड्यावर मूठ धरून बीं सोडतात, तें नळ्यांतून नेमकें सरींत उतरतें. वाटेवर आणि कांट्यांत सांडावयास तो शेतकरी काय झोपला होता? दाखल्यांतील माणूस मुठीनें बीं फोकून पेरीत होता, आपण मेथी-कोथिंबीर फोकतों तसा, हें सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. ‘फोकणें’ हा शब्द आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हता. तो त्या गृहस्थांनीं आणि त्यांच्या शेजारणींनीं दिला. ज्ञानकोशांत जें एका पानांत सांगतां आलें नसतें तें त्या एका शब्दानें झालें.

आतां दुसरा आधार, साधनाचा. गोव्यास छापखाना १५५६ सालीं आला. हिंदुस्थानांतील तो पहिलाच. परंतु त्याचे खिळे रोमन अक्षरांचे होते. देशी भाषेचीं पुस्तकें देशी अक्षरांतच छापावीं ही फादर स्टीफन्स ह्यांची फार दिवसांची आस होती, आणि १६०८ सालीं रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत ती त्यांनीं बोलूनही दाखविली. अडचण त्यांनींच सांगितली आहे. युरोपांतील वर्णमालेस चोवीस खिळे पुरतात. येथें व्यंजनास स्वर जोडून, जोडाक्षरें धरून, सहाशेंपर्यंत सांचे करावे लागणार. तें साधलें नाहीं. मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या.

ह्याचा परिणाम काय झाला? ख्रिस्तपुराण पुन्हां १६४९ व १६५४ सालीं छापलें गेलें. तरीही पुण्या-पैठणच्या वाचकास तें परकेंच राहिलें, कारण त्याची भाषा त्याला कळण्याजोगी होती, पण अक्षर कळण्याजोगें नव्हतें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. भाविकांनीं हातानें लिहून ठेविलेल्या पोथ्यांनीं ग्रंथ तारला. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला, तोही रोमन लिपींतच. देवनागरींत छापलेलें संपूर्ण ख्रिस्तपुराण महाराष्ट्राच्या हातीं पडलें तें १९५६ सालीं, पुण्याच्या शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनामुळें. मराठी ग्रंथास मराठी लिपि मिळण्यास तीनशें चाळीस वर्षें लागलीं! साधन म्हणजे केवळ वाहन नव्हे. कोण शिकेल आणि कोण दाराबाहेर राहील, हें पुष्कळदां साधनच ठरवितें.

तरुण मंडळींनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. आपण मोबाइलवर एकमेकांस निरोप धाडतां, त्यांतील मराठी बहुधा इंग्रजी अक्षरांत असते. त्या अक्षरांत ‘काळ’ आणि ‘काल’ सारखेच दिसतात, ‘माळ’ आणि ‘माल’ ह्यांत भेद राहत नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांस सहाशें सांचे मिळाले नाहींत म्हणून त्यांनीं रोमन अक्षर पत्करलें. आपल्या खिशांत तेच सहाशें सांचे फुकट पडून आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेसारख्या ठिकाणीं अनेकांनीं खपून भारतीय लिपि संगणकावर उतरविल्या. १९९१ पासून युनिकोड नांवाच्या सर्वमान्य पद्धतींत प्रत्येक देवनागरी अक्षरास आपला ठराविक क्रमांक आहे. म्हणजे ज्याच्यासाठीं तो थोर पुरुष झुरला, तें आपणांस मिळालें आहे, आणि आपण तें वापरीत नाहीं. हें आम्ही दोष देण्यासाठीं बोलत नाहीं. मुलांस कोणी एकदां बसून दाखविलें नाहीं, एवढेंच त्यांत खरें आहे. आणि दाखविण्यास अर्धा तास पुरतो.

तिसरा आधार सहकार्याचा. एकट्याची विद्वत्ता कितीही मोठी असो, भाषेचें काम एकहातीं होत नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांनीं गोव्याच्या लोकभाषेचें, म्हणजे कोंकणीचें, व्याकरण पोर्तुगीज भाषेंत रचिलें. तें १६४० सालीं, त्यांच्या पश्चात् एकवीस वर्षांनीं, राचोल येथें छापलें गेलें. भारतीय भाषेचें छापलेलें हें पहिलें व्याकरण समजलें जातें. त्याच्या मुखपृष्ठावर काय नमूद आहे? फादर दियोगु रिबैरु ह्यांनीं त्यांत भर घातली आणि आणखी चार धर्मगुरूंनीं तें तपासून दुरुस्त केलें. म्हणजे एका पुस्तकास सहा जणांचे हात लागले.

पुढें बंगाल्यांत विल्यम केरी ह्यांनीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकविण्याचें काम पत्करलें, तेव्हां त्यांस वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मोडी खिळ्यांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश हीं त्या सहकार्याचीं फळें. मोल्सवर्थ ह्यांचा १८३१ सालचा प्रसिद्ध कोश घ्या. त्यांत कँडी बंधूंचा वांटा होता, आणि त्यांच्या भोवतीं शब्द गोळा करणारे, अर्थ सांगणारे कित्येक शास्त्री होते. मुखपृष्ठावर साहेबाचें नांव राहिलें; शब्द मात्र ज्यांनीं दिले त्यांच्या ऋणांत आपण सारेच आहों.

केडगांवच्या मुक्ति मिशनाची गोष्ट तर स्त्रियांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचें देहावसान झालें व १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. खिळे जुळविणें, मुद्रितें तपासणें, छापणें हीं कामें त्या आश्रमांतील स्त्रियांनीं आणि मुलींनीं केलीं. ज्यांस समाजानें टाकून दिलें होतें त्यांच्या बोटांखालून एकेक अक्षर गेलें. भाषा, यंत्र आणि सहकार्य एके ठिकाणीं आलें म्हणजे केवळ पुस्तक तयार होत नाहीं. माणसेंही उभीं राहतात.

आतां ह्याच्या उलट बाजू पाहूं. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयांनीं फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. ज्या भूमींत ख्रिस्तपुराण आणि तें व्याकरण जन्मलें त्याच भूमींत हा हुकूम निघाला! छापखान्यांतील देशी पुस्तकांचा ओघ आटला, विद्येची हानि झाली, हें खरें. परंतु लोकांनीं भाषा सोडली काय? स्वयंपाकघरांत, शेतांत, होड्यांवर ती बोलली जातच राहिली, आणि १९८७ सालीं कोंकणी गोव्याची राजभाषा झाली. १९९२ सालीं तिला संविधानाच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें. राजाचा हुकूम तीन वर्षांचा होता. आईचा शब्द तीनशें वर्षें टिकला.

आपल्या मराठवाड्याचा अनुभवही विचारांत घेण्यासारखा आहे. हैदराबाद संस्थानांत उर्दूस राजमान्यता होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शास्त्रें व कायदा उर्दूंतून शिकविला जाई, आणि त्यासाठीं ग्रंथांचीं भाषांतरें करणारें स्वतंत्र खातें होतें. देशी भाषेंत उच्च शिक्षण देतां येतें हें त्या विद्यापीठानें दाखवून दिलें, हें आपण मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्याच्या घरीं मराठी, त्या विद्यार्थ्यास वरच्या वर्गाची पायरी परक्या भाषेच्या काठीनें चढावी लागे. त्या दिवसांत मराठी कोणी राखली? कीर्तनकारांनीं, भजनी मंडळांनीं, जात्यावर ओव्या गाणाऱ्या आयाबहिणींनीं आणि १९४३ सालीं स्थापन झालेल्या मराठवाडा साहित्य परिषदेसारख्या संस्थांनीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें, १९५८ सालीं संभाजीनगरास मराठवाडा विद्यापीठ आलें, तेव्हां ह्या जपलेल्या ठेव्यावरच पुढील इमारत उठली.

त्याच संस्थानी काळांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्सलियन संघाचे धर्मगुरु नागपूरकडून ह्या भागांत येऊन घोगरगांवास राहिले. त्यांची उपासना लॅटिनमध्यें, संघाची भाषा फ्रेंच, दरबाराची भाषा उर्दू, आणि ज्यांच्या ओसरीवर बसावयाचें त्यांची मराठी. त्यांनीं ओसरीची भाषा निवडली, आणि ती शिकविली येथल्या मास्तरांनीं व शेतकऱ्यांनीं. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेंत लोकभाषेस द्वार उघडलें. आज वेदीवरून मराठी ऐकतांना आपणांस त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु ही सुखासुखी मिळालेली वस्तु नव्हे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या सुबोध बायबलास २०१३ सालीं साहित्य अकादेमीचा भाषांतराचा सन्मान मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्यें आपल्याच मराठवाड्यांतील उस्मानाबादेस, आतांच्या धाराशिव येथें, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. एका कॅथलिक धर्मगुरूस मराठीनें आपल्या मांडवांत मानाचा पाट दिला, तो त्यांनीं मराठीची केलेली सेवा पाहून.

ह्या तिन्ही आधारांचा मिलाफ आमच्या काळांत कोठें झाला असेल, तर तो जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहांत. फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनीं खेडोपाडीं जाऊन, बायकांच्या शेजारीं बसून, एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. गाणाऱ्या निरक्षर, लिहून घेणारे साक्षर, आणि पुढें ध्वनिमुद्रण व संगणक ह्यांची जोड. आज त्यांतील पुष्कळ ओव्या गाणारणींच्या स्वतःच्या आवाजांत कोणासही ऐकतां येतात. ज्यांना शाळेनें कधीं बांकावर बसविलें नाहीं, त्या स्त्रिया तेथें शिक्षक झाल्या.

मग आपण काय करावें? इंग्रजी शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पोटासाठीं आणि जगाच्या ओळखीसाठीं तीही हवी. सरकारानें आपले उपाय योजिले आहेत: २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा मान आनंदाचा आहे. परंतु दर्जा दिल्लीहून येतो, वाचन घरूनच यावें लागतें. म्हणून आम्ही तीन साध्या गोष्टी आपणांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट बांकावरची. ज्या मुलास अर्थ कळतो पण अक्षर येत नाहीं, आणि ज्यास अक्षर येतें पण अर्थ कळत नाहीं, अशा दोघांची जोडी लावावी. मिस्सानंतर अर्धा तास दोघांनीं एकच पुस्तक मध्यें धरावें. एकानें वाचावें, दुसऱ्यानें समजावून द्यावें, मग आलटापालट करावी. येथें कोणी केवळ शिष्य नाहीं आणि कोणी केवळ गुरु नाहीं. परप्रांतीय मुलास आपण याचक मानतां कामा नये. तो आपल्या लेंकरास लागणारी वस्तु घेऊन आला आहे. आपणही त्याच्या आईच्या भाषेंतील क्षेमकुशलाचे चार शब्द शिकून घ्यावे.

दुसरी गोष्ट आजीबाईंच्या आवाजाची. ज्या घरीं जुनी गीतें, ओव्या, हळदीचीं गाणीं, उखाणे येणारी वृद्ध स्त्री आहे, त्या घरच्या मुलांनीं मोबाइलवर तिचा आवाज मुद्रित करावा, आणि ऐकून ऐकून तिचे शब्द वहींत बाळबोध अक्षरांत उतरवावे. अडलेला शब्द तिलाच विचारावा. त्या एका वहींत व्याकरण, शुद्धलेखन, इतिहास आणि आजीचा सहवास, सगळें येईल.

तिसरी गोष्ट साधनाची. प्रत्येक तरुणानें आपल्या घरांतील एकेका मोबाइलवर देवनागरी कळफलक बसवून द्यावा, आणि धर्मग्रामाचे सर्व निरोप ह्यापुढें त्याच अक्षरांत धाडावे. हल्लीं बोललेलें ऐकून लिहिणारीं आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणारीं यंत्रेंही आलीं आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. तीं शब्दाचा अर्थ सांगतील, चूक दाखवितील. परंतु शब्द चुकला असतां मायेनें हंसणारें, आणि बरोबर आला असतां पाठ थोपटणारें माणूस जवळ हवें. तें काम यंत्रावर सोंपवूं नये.

बंधुभगिनींनो, मंदिराची देणगी ज्याची त्यानें ऐपतीप्रमाणें दिली. ही दुसरी देणगी गरीबांतला गरीबही देऊं शकतो: आठवड्यांतला अर्धा तास आणि आपल्या ओठांवरची भाषा. येत्या रविवारीं मिस्सा संपल्यावर वर्गाचें दार उघडें राहील आणि पुस्तकें मांडून ठेविलेलीं असतील. वाचतां येणाऱ्यांनीं यावें, न येणाऱ्यांनीं तर आधीं यावें. परमेश्वर आपल्या घरांचें, लेंकरांचें आणि त्यांच्या वाणीचें रक्षण करो.